कापराचा व्हिडिओ

“आत्ती, तळहातावर कापूर पेटतो तेव्हा भाजत नाही का गं तुला?”

प्रश्न टाकून श्रीनिधीनं भाकरीचा तुकडा मोडला आणि वर पाहिलं, तर सगळ्यांचे हात ताटातच थांबलेले.

खरं तर हा प्रश्न तिचा नव्हताच. शाळेतल्या शेवटच्या बाकावरच्या तिघींनी तो शुक्रवारी तिच्या गळ्यात बांधला होता. “एवढी मोठी पेजवाली झालीयस ना? मग विचारून दाखव,” हेमावती म्हणाली होती. “नाही विचारलंस तर तू नुसतीच बडबडी. धीट नव्हेस.” दोन वर्षांपूर्वीची श्रीनिधी हे ऐकून बेंचखाली शिरली असती. तेव्हा हजेरीला ‘प्रेझेंट’ म्हणतानासुद्धा तिचा आवाज घशात अडकायचा. पण यंदा ती दहावीत गेली होती, जिल्ह्याच्या वादविवादात पहिली आली होती, आणि तिनं सुरू केलेल्या आजोबांच्या गाण्यांच्या पेजला नऊ हजार माणसं जोडली गेली होती. आता घशात काही म्हणजे काही अडकत नव्हतं. कधीकधी अडकलं असतं तर बरं झालं असतं, असं आईचं मत.

“जेवताना काय विचारतीस गं?” नागोजी काका गुरकावले. “दुर्गव्वा आईची सत्त्वपरीक्षा घेतीस?”

“काकांना नाही विचारलं मी. आत्तीला विचारलं.”

सोनाबाई आत्ती, म्हणजे श्रीनिधीच्या वडिलांची, अप्पांची, आणि काकांची थोरली बहीण, शांतपणे चटणीवर तेल ओढून घेत होती. तिनं बोटं चाटली. पाण्याचा घोट घेतला.

“भाजतं की,” ती म्हणाली. “आगच हाय ती.”

काकांचा घास खाली पडला. गेली वीस वर्षं अष्टमीला देवळाच्या पायरीवर उभं राहून तेच तर गावाला सांगत आले होते, की बघा, आईची कृपा, फोडसुद्धा येत नाही.

“अक्का! फोड कधी आलाय तुला?”

“दर वर्षी येतो. तू दुसऱ्या दिवशी कधी बघाय आलाईस?”

एवढं बोलून आत्ती पुन्हा जेवायला लागली.

झालं होतं ते असं. अळणावरच्या पुढं त्यांचं गाव. नवरात्रात अष्टमीला दुर्गव्वाच्या देवळासमोर आत्तीच्या अंगात वारं येतं. एरवी तिचं कपाळ मोकळं. त्या एका दिवशी मळवट भरतात. केस सोडून ती उभी राहते, काका तिच्या उघड्या तळहातावर कापराच्या वड्या ठेवून पेटवतात, आणि त्या जळत्या हातानं ती देवीला ओवाळते. यंदा श्रीनिधीनं ते फोनवर टिपलं आणि पेजवर चढवलं. चार दिवसांत दोन लाख लोकांनी पाहिलं. पाचव्या दिवशी ॲपवाल्या कंपनीनं ते काढून टाकलं. कारण लिहिलं होतं, स्वतःला इजा करण्यास उत्तेजन. खाली फार मायेनं लिहिलेली एक ओळ : तुम्ही किंवा तुमच्या ओळखीचं कुणी त्रासात असेल तर या नंबरवर बोला.

पेजवर आधीचे दोन ठपके होतेच. दोन्ही ठपके काकांच्या हौसेचे, जत्रेतल्या बकऱ्याचे फोटो चढवल्याबद्दल. हा तिसरा कायम झाला की पेज कायमचं पुसलं जाणार. अपिलाला तीस दिवसांची मुदत, आणि अपील एकदाच. तिसावा दिवस म्हणजे हाच रविवार, संध्याकाळी सहा.

पेजवर आजोबांची चाळीस गाणी होती. तुणतुण्यावर, त्यांच्या चिरक्या, हट्टी आवाजात, मध्येच खोकत म्हटलेली देवीची गाणी. ज्या फोनवर ती घेतली तो फोन आजोबांच्या हातूनच विहिरीत पडला, आणि वर्षाच्या आत आजोबाही गेले. गाणी आता फक्त त्या पेजवर होती, आणि ठपका लागल्यापासून पेज बंद; उतरवून घेता येत नव्हती. काकांना त्यातली अकरा येत. आत्तीला सहा. बाकीची कुणालाच येत नव्हती.

म्हणून सकाळच्या गाडीनं काका आणि आत्ती गावाहून अप्पांच्या केलगेरीच्या छोट्या घरी आले होते आणि काकांचा मुलगा रवीअण्णा हुबळीहून आला होता. वाटणीच्या वेळेनंतर दोघं भाऊ एका छपराखाली एवढा वेळ पहिल्यांदाच बसले होते.

ताटं उचलली. अप्पांनी लॅपटॉप उघडून टेबलावर ठेवला. अपिलाचा अर्ज पडद्यावर, खाली रिकामी चौकट, पाचशे अक्षरांची. जणू घरात मयताचा दाखला भरायचाय अशा चेहऱ्यानं सगळे भोवती बसले.

काकांनी खिशातून घडी केलेला कागद काढला. “मी लिहून आणलंय. ऐका. ‘आमच्या हजारो वर्षांच्या श्रद्धेवर परदेशी कंपनीनं घाला घातलाय. आमच्या देवीच्या कृपेनं भक्ताला आग लागत नाही. तरी हा अपमान...’ ”

“आग लागते,” श्रीनिधी म्हणाली. “आत्ताच आत्ती म्हणाली.”

“तू गप बस!”

“अण्णा, मूळ मुद्दा अक्षरांचा आहे,” अप्पा चष्मा वर करत थोरल्या भावाला म्हणाले. अप्पा म्हणजे संतोष, तहसील कचेरीतले पहिल्या दर्जाचे कारकून. त्यांना हजारो वर्षांच्या श्रद्धेपेक्षा पाचशे अक्षरांची मर्यादा जास्त खरी वाटायची. “तुझं पहिलंच वाक्य ऐंशी अक्षरं खातं. आणि असली भाषा सरकारी नोकराच्या घरातून गेली तर उद्या साहेब मलाच विचारतील.”

“साहेबाला भ्यायचं आणि आईला न्हाई? वा रे संतोष. हे बघ, मी काय एकटा न्हाई. आपल्याकडच्या पोरांना फोन केलाय. उद्या सकाळी दहाला हुबळीत कोप्पीकर रोडला, भर बाजारात जमायचं ठरलंय. अक्काचा कापूर धरल्याला मोठा फोटो, बांबूला लावून. पेपरवाले येणार.”

“माझा फोटो?” आत्ती म्हणाली. पण काका बोलण्याच्या भरात होते.

रवीअण्णा इतका वेळ मोरीच्या दाराशी हात पुसत उभा होता. हात केव्हाच कोरडे झाले होते. तो म्हणाला, “मोर्चा नको. कागद पण नको. नाटक म्हणून लिहा.”

“काय?”

“चौकटीत लिहायचं, ‘हा नाट्यप्रयोग आहे. स्त्री अभिनय करते आहे. आग खोटी आहे.’ एवढंच. नाटक-सिनेमाला वेगळी सूट आहे. पाच मिनिटांत ठपका जातो, पेज राहतं, आजोबांची गाणी राहतात.”

अप्पांच्या खांद्यावरचं ओझं उतरल्यासारखं झालं. “हे बरंय. स्वच्छ आहे. कुणाला दुखवायला नको.”

आईनं, अनितानं, तेवढ्यात चहाचे कप आणले. ती प्राथमिक शाळेत शिकवायची आणि एखाद्या मुलानं कॉपी केली असेल तर पाठीमागून ओळखायची. “रवी,” कप पुढं करत ती म्हणाली, “कंपनीच्या आत सूट कशाला आहे आणि कशाला नाही, हे तुला कसं ठाऊक रे?”

रवीअण्णानं कप घेतला नाही.

“माझं कामच ते आहे, काकू.”

तीन वर्षं तो घरात सांगत होता, कॉम्प्युटरचं काम. कोप्पीकर रोडला, कपड्याच्या दुकानावरच्या तिसऱ्या मजल्यावर. कुणी जास्त विचारलं नाही, त्यानं जास्त सांगितलं नाही; बाहेर सांगणार नाही असं लिहूनच दिलं होतं त्यानं. आता त्यानं सांगितलं. मोठ्या कंपन्या स्वतः काही बघत नाहीत, ठेक्यानं देतात. कन्नड, मराठी, हिंदी व्हिडिओ त्याच्या पडद्यावर येतात. एकाला बावीस सेकंद. ठेवायचं की काढायचं. दिवसाला हजारावर.

“म्हणजे मी उद्या,” काका हळूच म्हणाले, “माझ्या पोराच्या हापिसाखाली बोंबलणार व्हतो?”

“हो, अप्पा,” रवीअण्णा बापाला म्हणाला.

“अक्काचा तूच काढलास?”

“माझ्याकडं आला होता.” रवीअण्णा जमिनीकडं बघत बोलत होता. “पहिल्या सेकंदाला ओळखलं. आत्तीचा हात आहे म्हणून. ओळखीचं माणूस असलं तर आपण ठरवायचं नाही, शेजारी सरकवायचं, असा नियम आहे. मी सरकवला. शेजारचा पोरगा पाटण्याचा. त्याला ना दुर्गव्वा ठाऊक, ना आपल्याकडची अष्टमी. मी एवढंच म्हणू शकलो असतो, अरे पूजा आहे ती. म्हणालो नाही. नोकरी गेली असती.”

“आईचा व्हिडिओ सरकवलास!” काका उठून उभे राहिले. “या हातानं? ज्या हातानं परसाद घेतोस?”

“अप्पा, या हातानं मी रोज काय काय सरकवतो ते तुम्हाला सांगितलं तर तुम्ही आठवडाभर जेवणार नाही. पूजेला सूट असते, समजलं? पूजा आहे एवढं पाटण्याच्या पोरालाही कळलंच असणार, देऊळ दिसत होतं, घंटा ऐकू येत होती. पूजेमुळं नाही गेला तो व्हिडिओ.” तो पहिल्यांदाच श्रीनिधीकडं वळला. “वर काय लिहिलं होतंस गं तू?”

श्रीनिधीनं हातातला कप खाली ठेवला.

तिला शब्द न् शब्द पाठ होता. ‘आमच्या आत्तीची हिंमत बघा! तुमच्यात आहे का? करून दाखवा!’ आणि पुढं तीन ज्वाळा, दोन दंड फुगवलेले हात. लिहिताना तिला केवढा आनंद झाला होता.

“पूजेला सूट आहे,” रवीअण्णा म्हणाला. “ ‘करून दाखवा’ला नाही; आग खोटी म्हटली तरच ते खपतं. आणि खाली एका मुलीनं फोटो टाकला होता. हुबळीच्या दाजीबानपेठेतली, सातवी-आठवीतली असेल. तळहात. मधोमध फोड. ‘मी पण केलं’ लिहिलं होतं तिनं. तू त्याला बदाम दिलास.”

“मी बघितलं नव्हतं नीट,” श्रीनिधी म्हणाली. वादविवादात पहिली आलेल्या आवाजात नव्हे, हजेरीच्या जुन्या आवाजात. “शेकड्यानं येत होते. मी सगळ्यांनाच देत होते.”

आईनं तिच्या पाठीवर हात ठेवला, आणि तो हात नको असताना श्रीनिधीनं तो तसाच राहू दिला.

“झालं ते झालं,” अप्पांनी लॅपटॉप स्वतःकडं ओढला. कचेरीतल्या माणसाला चुकीपेक्षा फाईल महत्त्वाची. “आता साडेतीन वाजलेत. रवी म्हणतो तसं लिहू. नाव... पेजचं नाव... हं, हा प्रश्न बघ. ‘व्हिडिओत दिसणाऱ्या व्यक्तीची संमती घेतली होती का?’ होय.”

“व्हय तर!” काकांना पुन्हा धीर आला. “रीतसर! अष्टमीच्या सकाळी मी स्वतः कौल लावला. आईच्या दोन्ही खांद्यांवर फुलाच्या पाकळ्या पाण्यानं चिकटवल्या, आणि विचारलं, आई, तुझा सोहळा फोनवर जगाला दाखवू का? घटकाभरात उजवी पाकळी पडली. ही पोरगी साक्षीला हाय. उजवी म्हणजे होकार.”

“उजवीच पडली,” श्रीनिधी म्हणाली. ते खरंच होतं. तिनं त्या पाकळीचासुद्धा फोटो काढला होता.

“मग ‘होय’वर खूण करतो,” अप्पा म्हणाले.

“संतोष.”

आत्तीचा आवाज मोठा नव्हता. पण ती थोरली होती, आणि लहानपणी आई गेल्यावर या दोघा भावांची नाकं तिनंच पुसली होती. अप्पांचं बोट हवेतच राहिलं.

“आईला विचारलंसा,” ती म्हणाली. “बरं केलंसा. पण मला कुणी विचारलं?”

“अक्का, त्या वेळी तू तू नसतीस,” काका समजावणीच्या सुरात म्हणाले. “आईच असती. मग आईला विचारलं म्हणजे...”

“फोड कुणाला येतो? आईला?”

काकांनी आपला कागद पुन्हा घडी करून खिशात घातला.

“आणि आता म्हणतोस नाटक लिहायचं.” हे रवीअण्णाला. “मी नाटक केलं? सव्वीस वर्सांची असताना हे गेले. तवापास्नं गावात कुठल्या हळदीला मला बोलावलं न्हाई, कुठल्या बारशाला पुढं बसवलं न्हाई. वर्सातला एक दिवस, त्याच बाया, तीच माणसं, ओळीनं पाया पडत्यात, गाऱ्हाणी सांगत्यात. तो एक दिवस माझा हाय. त्याला तू खोटी आग म्हण. गाणी वाचव म्हण.” ती पदर सावरून उठली. “बाबांची गाणी मलाबी पायजेत. तुमच्यापरीस जास्त पायजेत. पण हे मला इचारून तरी लिवा.”

ती मागच्या दारानं परसात निघून गेली. दार आपटलं नाही. आपटलं असतं तर बरं वाटलं असतं.

श्रीनिधी दोन मिनिटं बसली. मग फोन घेऊन मागं गेली.

आत्ती धुण्याच्या दगडावर बसली होती, उजवा तळहात डाव्या अंगठ्यानं चोळत. श्रीनिधी समोर उकिडवी बसली. बोलायला पुष्कळ होतं, म्हणजे मनात अख्खं भाषण तयार होतं, प्रास्ताविकासकट. तोंडातून एवढंच आलं : “आत्ती, तू तो व्हिडिओ पाहिलायस?”

“कुठं दावलास?”

दोन लाख लोकांनी पाहिला होता. पाटण्याच्या पोरानं पाहिला होता. श्रीनिधीनं मान खाली घातली आणि फोन पुढं केला. तिच्याजवळ मूळ प्रत होती.

आत्तीनं फोन लांब धरला, मग जवळ. पडद्यावर घंटा घुमू लागली. मोकळ्या केसांची, लाल कपाळाची बाई पुढं आली, डोळे अर्धे मिटलेले, काकांचा हात, वड्या, काडी, ज्योत उसळली. ती बाई डोलत पुढं गेली आणि ओवाळू लागली. आत्तीनं शेवटपर्यंत पाहिलं. मग म्हणाली, “परत लाव.” तीनदा लावला.

“मी अशी दिसती व्हय?” तिसऱ्यांदा झाल्यावर ती म्हणाली. “तोंड माझं न्हवं. पण हात माझाच हाय बघ.”

“भाजतं तर हात मागं का घेत नाहीस गं?” हा प्रश्न बाकावरच्या कुणी दिला नव्हता. हा तिचा स्वतःचा होता.

आत्तीनं तळहात उलटा करून पाहिला. पलीकडच्या परसात कुणीतरी कन्नडमध्ये म्हशीला शिव्या देत होतं.

“भाजतंय ते कळतं,” आत्ती म्हणाली. “पर मागं घ्यावा असं वाटत न्हाई. समोर सगळं गाव असतं. कुणाचं पोर आजारी, कुणाच्या पोरीचं जमंना. ते समदं हातावर ठेवल्यावानी वाटतं. टाकून कसं द्यायचं? आता ह्येला वारं म्हण, आई म्हण, का माझा हट्ट म्हण. मला ठावं न्हाई. पर नाटक न्हवं.”

“आणि मी वर लिहिलं, करून दाखवा.”

“लिवलंस खरं.”

“ती दाजीबानपेठेतली मुलगी...”

“तिच्या हाताला कायतरी लावलं असंल का गं तिच्या आईनं?” आत्तीनं विचारलं. “खोबरेल लावाय पायजे. आधी थंड पाणी, मग खोबरेल. तिला सांग.”

श्रीनिधीला वाटलं होतं, आत्ती रागावेल. रागावली असती तर सोसलं असतं. हे सोसत नव्हतं. डोळे भरून आले आणि तिनं ते बाहीला पुसले, भराभर, कारण घड्याळात सव्वाचार झाले होते आणि रडायला वेळ नव्हता.

“आत्ती, तुला काय पाहिजे?” तिनं विचारलं. “आईला नाही विचारत. तुला विचारते. व्हिडिओ राहू दे का?”

“नको.” उत्तर तयारच होतं. “देवळापुढं मला बघणारं गाव मला ओळखतं. हे दोन लाख कोण? त्येंची गाऱ्हाणी मला ठावं न्हाईत, माझं त्येंना न्हाई. नुसतीच आग बघत्यात. काढून टाक. पर खोटं म्हणून काढू नको.”

“गाणी?”

“बाबांनी लोकांपुढंच म्हटली. ती जगानं ऐकू देत.”

“आत्ती, खरं लिहिलं तर गाणी जाऊ शकतात. नाटक लिहिलं तर नक्की राहतात.”

आत्तीनं तिच्याकडं पाहिलं. सुरकुत्यांच्या जाळीतले ते डोळे थेट आजोबांचे होते, हे श्रीनिधीला कधी जाणवलं नव्हतं.

“ठावं हाय,” आत्ती म्हणाली. “ऐकलं मी. बघ तू. तुझ्या हातात हाय आता.”

मग श्रीनिधीनं तिला आणखी एक प्रश्न विचारला, हळू आवाजात. आत्तीनं थोडा विचार केला, आणि मान डोलावली.

दोघी आत आल्या तेव्हा आघाड्या बदलल्या होत्या. अप्पा आणि रवीअण्णा टेबलाच्या एका बाजूला, मसुदा तयार. काका एकटे खिडकीपाशी, पाठ फिरवून. आई मध्ये उभी, कुणाच्याच बाजूला नाही असं दाखवत.

“नागोजी,” आत्ती म्हणाली. “त्या पोरांना फोन कर. उद्या कुणी यायचं न्हाई.”

“अक्का, शब्द दिलाय मी!”

“तुझा शब्द, माझा फोटो. बांबूला लावून हुबळीत मला फिरवायचं असंल तर आधी मला इचारायचं. मी न्हाई म्हणती. कर फोन.”

काकांनी एकदा भावाकडं पाहिलं. भावानं लॅपटॉपकडं पाहिलं. काकांनी मग मुलाकडं पाहिलं; मुलगा तेवढा त्यांच्याकडं बघत होता. काका फोन घेऊन ओसरीवर गेले, आणि “हल्लो... हौद्री, हौद्री... नाळे ब्याड,” असं होय होय, उद्या नको म्हणून सांगणारं त्यांचं पडेल कन्नड आतपर्यंत ऐकू आलं. थोड्या वेळानं रवीअण्णा उठला आणि बापाशेजारी जाऊन उभा राहिला.

“हे बघ,” अप्पांनी श्रीनिधीला बोलावलं. “तयार आहे. एकशे बारा अक्षरं. ‘सदर दृश्य हा सांस्कृतिक नाट्यप्रयोग असून...’ तू फक्त पाठवायचं बटण दाब.”

“खोटं आहे ते, अप्पा.”

“कुणाला कळणारंय? तिकडं बावीस सेकंद बघणारा कुणीतरी. त्याच्यासाठी खोटं, आपल्यासाठी गाणी. तुझे आजोबा आहेत गं ते. माझे वडील.” अप्पांचा आवाज चिरकला, आणि एका क्षणापुरता तो अगदी तुणतुण्यावरचा आवाज झाला. “मी त्यांना शेवटी दवाखान्यात नेलं तेव्हा ते गात होते. माझ्याकडं दुसरं काही नाही त्यांचं.”

श्रीनिधीला हे माहीत नव्हतं. अप्पा गाण्यांबद्दल कधी बोलतच नसत. क्षणभर तिचं बोट खरंच त्या बटणाकडं गेलं. पाच मिनिटांत सगळं परत आलं असतं.

तिनं बोट मागं घेतलं, खुर्ची ओढली, अप्पांचा मसुदा पुसला आणि लिहायला बसली. कुणी अडवलं नाही. आईनं अप्पांच्या दंडाला धरलं होतं. ती लिहीत होती, पुसत होती, अक्षरं मोजत होती. हेमावतीचे तीन निरोप येऊन गेले : विचारलंस का? काय म्हणाली? घाबरलीस ना? तिनं फोन पालथा घातला.

पाच वाजून वीस मिनिटांनी ती उठून उभी राहिली. भाषणाला राहायची तशीच, पण हात कुठं ठेवावेत ते कळत नव्हतं म्हणून पाठीमागं घेतले.

“आई, अप्पा. मी ठरवलंय. नाटक लिहिणार नाही. मी लिहिलंय की ही पूजा आहे, आग खरी आहे, आणि आमच्या आत्तीला भाजतं. ती स्वतःच्या मनानं धरते, आणि कुणालाही धरायला सांगत नाही. सांगितलं ते मी. ‘करून दाखवा’ हे माझे शब्द, माझी चूक, आणि त्यामुळं एका मुलीचा हात भाजला. तो व्हिडिओ आम्हाला परत नको, कारण आत्तीला नको. गाणी तेवढी ठेवा, त्यांचा दोष नाही. एवढंच. चारशे ऐंशी अक्षरं.”

“आणि गेली तर?” अप्पांनी विचारलं.

“गेली तर काकांची अकरा, आत्तीची सहा. दर शनिवारी शाळा सुटली की अळणावरच्या गाडीत बसणार आणि ती तरी शिकून घेणार. दहावी आहे, माहीत आहे, मार्क कमी पडू देणार नाही. उरलेली गेली तर मी रडेन, अप्पा, तुमच्याइतकीच रडेन. पण आत्तीला खोटी ठरवून ती आणणार नाही. आणि उद्या शाळेनंतर दाजीबानपेठेत त्या मुलीचं घर शोधायला जाणार आहे. आई, तू बरोबर आलीस तर बरं, नाहीतर एकटी जाते.” तिनं श्वास घेतला. “मी अठराची नाही, म्हणून खाली मोठ्या माणसाचं नाव लागतं. तुमची नोकरी आहे अप्पा, तुमचं घातलं नाही. आत्तीचं घातलंय. तिला विचारलं मी. ती हो म्हणाली.”